दोन इंचांचा मासा आणि जालन्याचे पाणी

उजनीची चिलापी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांची सिक्लिड कुळाशी ओळख झालेलीच आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. कोकण-गोव्याच्या खाड्यांतले कालुंदरही याच कुळातले. याच कुळातल्या दोन ते चार इंचांच्या माशांना ‘ड्वार्फ सिक्लिड’ म्हणतात. काचेच्या टाकीसाठी यांच्याइतका शहाणा मासा क्वचितच मिळेल. नर-मादी जोडीने राहतात, जागा ठरवतात, अंड्यांवर पंखाने वारा घालतात आणि पिलांचा थवा राखत फिरतात. टाकीवर बोट टेकवले तर क्रिबेन्सिसची इवलीशी मादी चक्क बोटावर धावून येते.

मात्र हे मासे जुन्या जालन्यात आणले की पंधरा दिवसांत मरतात, अशी तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. दोष बहुधा दुकानदाराला दिला जातो. माझ्या मते विचार करायला हवा तो पाण्याचा.

सर्वाधिक विकला जाणारा रामिरेझी घ्या. निळे ठिपके, पिवळे तोंड, लांबी जेमतेम दोन इंच. याचे मूळ घर व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यात. तिथले पाणी कोमट, किंचित आम्लधर्मी आणि जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके मऊ असते. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट. बोअरचे पाणी त्या खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येते. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठेवली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. माणसाची मूत्रपिंडे हे सांभाळून घेतात. रामिरेझीला ते सहसा जमत नाही.

दुसरी अडचण अमोनियाची, आणि ती डॉक्टरला लगेच समजते. आपण प्रथिनांतला टाकाऊ नायट्रोजन यकृतात युरिया करून लघवीवाटे टाकतो. मासा तोच मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे त्याला स्वतःच्याच उत्सर्गात राहावे लागते. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आज टाकी, उद्या मासे, ही घाई इथे नडते. शिवाय पाण्याचा पीएच एक अंकाने वाढला की विषारी रूपातला अमोनिया सुमारे दहापट होतो. आपले बोअरचे पाणी अल्कधर्मी. तेव्हा तेवढीच घाण इथे अधिक मारक. नायट्राइट वाढले तर माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजलेली तान्ही मुले निळी पडतात, तोच हा विकार.

मग उपाय काय? आरओ बसवायचा, असे दुकानदार सांगतो. पण आरओ एक बादली शुद्ध पाण्यामागे बरेच पाणी वाया घालवतो. जिथे नळ रोज येत नाही, तिथे दोन इंचांच्या माशासाठी हा खर्च मला पटत नाही. पाण्याजोगा मासा निवडणे सोपे. नायजेरियाकडचा क्रिबेन्सिस मध्यम कठीण पाण्यातही संसार थाटतो. त्याहून कठीण पाणी असेल तर आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातला मल्टिफॅसिएटस. याचे गावचे पाणीच अल्कधर्मी, आणि हा राहतो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात. शंख उकळून वाळूत ठेवायचे, झाले घर. आपल्या दक्षिण किनाऱ्यावरचा ऑरेंज क्रोमाइडही चांगला. त्याची पिले आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. रामिरेझीच हवा असेल तर पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, धरून ठेवा आणि त्यात थोडे नळाचे मिसळा. नुसते आरओचे पाणीही बरे नव्हे. त्यात पीएच स्थिर राहत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी मावते. एका जोडीला ते पुरे. आठवड्याला एक बादली पाणी बदलायचे. काढलेले पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. त्यातले नायट्रेट म्हणजे खतच. क्रिबेन्सिसला अंडी घालायला गुहा लागते. संक्रांतीचे न रंगवलेले सुगड काठाला खाच पाडून पालथे ठेवले की काम होते.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टाकीवर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या हवेत माठ गार होतो त्याच न्यायाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र बोअरच्या पाण्याने करू नका. वाफ जाते, क्षार मागे राहतात. गरम पाण्याचा आणखी एक परिणाम आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अपिस्टोग्रामा या ड्वार्फ सिक्लिडवर उवे रोमर यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की वाढत्या तापमानात पिलांमध्ये नर अधिक निघतात.

आता माशांपेक्षा माणसांविषयी. क्लोरीन उडावे म्हणून अनेक जण पाणी उघड्या ड्रमात ठेवतात. एक दिवस ठीक. पण पुढच्या नळापर्यंत ते तसेच राहिले तर डेंग्यूचा एडिस डास त्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. काही हौशी तर माशांना जिवंत खाद्य म्हणून गच्चीवर मुद्दाम डासअळ्या वाढवतात. आरोग्य कर्मचारी घरोघर कोरडा दिवस पाळायला सांगत फिरत असताना हा उद्योग चालतो, याचा मला राग येतो. आर्टेमियाची अंडी दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवसांत फुटतात. पिलांना तेच खाद्य द्या. ड्रमाला फडके घट्ट बांधा.

हातावर न दुखणारी, आठवडेच्या आठवडे न भरणारी गाठ घेऊन कोणी आले की मी विचारतो, घरात मासे आहेत का? मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या जंतूंचा भाऊबंद. 1926 मध्ये तो प्रथम फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडला. त्याला तीस अंशांच्या आसपासची ऊब आवडते, म्हणून तो खोल शरीरात न जाता बोटे, मनगट अशा थंड भागांत राहतो. टाकी धुताना खरचटलेल्या जागेतून शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी गाठ दिसते. माणसाकडून माणसाला होत नाही, पण औषधे काही महिने घ्यावी लागतात. रुग्णाने टाकीचा उल्लेखच केला नाही तर निदान भलतीकडेच जाते. तेव्हा जखम असेल तर हातमोजे घाला, पाइपने पाणी काढताना तोंडाने ओढू नका आणि टाकीचे सामान स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नका. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर, पंप यांचा प्लग काढा.

मासा सुस्त दिसला की घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे, हा आपल्याकडचा आवडता उपचार. त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात, अमोनिया चढतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. पुढे तेच जंतू आमच्या वॉर्डात भेटतात. आधी अर्धी बादली पाणी बदला, दोन दिवस खाणे थांबवा. बहुतेकदा तेवढ्याने भागते.

आणि हौस संपली तर मासे कुंडलिकेत किंवा मोती तलावात सोडू नका, दुकानदाराला परत द्या. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला. आज राज्यातल्या जलाशयांत त्याने देशी माशांची जागा किती बळकावली आहे, ते भोई बांधवांना विचारा.