एक्स-रेचा फोटो नको, फाइल हवी

तालुक्याच्या गावातले डॉक्टर आणि शहरातले त्यांचे रेडिओलॉजिस्ट वर्गमित्र यांच्यात एक देवाणघेवाण नेहमी चालते. फिल्म उजेडावर धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि खाली लिहायचे, ‘बघ रे जरा.’ देवळ्याहून नाशिक पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. रुग्णाला तिकडे हलवायचे की इथेच प्लास्टर घालायचे, हे अनेकदा त्या एका फोटोवर ठरते.

अडचण फोटोतच आहे. डिजिटल एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या साधारण ४,०९६ छटा साठवलेल्या असतात. मोबाइलच्या नेहमीच्या फोटोत उरतात २५६. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबून लहान करते. सीटीचा एकच छेद छटांची पट्टी सरकवून कधी हाडासाठी, कधी फुप्फुसासाठी, तर कधी मेंदूसाठी पाहता येतो. फोटोत ही सोय संपते. केसासारखी बारीक चीर किंवा फुप्फुसाभोवती साचलेली थोडी हवा निसटू शकते ती इथेच.

मूळ फाइल ‘डायकॉम’ या प्रमाणित स्वरूपात असते. १९९३मध्ये हे नाव रूढ झाले आणि आज जगभरातली यंत्रे हीच भाषा बोलतात. सीटीचा एक छेद सुमारे अर्धा एमबी, म्हणजे चारशे छेदांचा अभ्यास २०० एमबी. १० एमबीपीएस अपलोड मिळत असेल, तर तो पोहोचायला पावणेतीन मिनिटे पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर फाइल दाबली जात नाही हे खरे. पण चारशे तुकडे पाठवणे जिकिरीचे, आणि रुग्णाची माहिती दोघांच्या फोनमध्ये कायमची पडून राहते, ते वेगळेच.

यावरचा उपाय फार महागडा नाही. दवाखान्यातल्या किंवा घरातल्या एका जुन्या संगणकाला मोठी डिस्क जोडून त्याचा सर्व्हर करायचा आणि मित्राला त्यातला एक फोल्डर उघडून द्यायचा. मात्र हा मित्र काळ्या पडद्यावर आज्ञा टंकत बसणार नाही. त्याला आपल्याच संगणकातल्यासारखे फोल्डर दिसले पाहिजेत, माउसने उघडले पाहिजेत. विंडोजवर ‘विनएससीपी’सारखे मोफत सॉफ्टवेअर हे करते: डावीकडे आपले फोल्डर, उजवीकडे दूरच्या सर्व्हरचे आणि मधली वाट कुलूपबंद. ‘नेक्स्टक्लाउड’ बसवले, तर साध्या ब्राउझरमध्येही काम भागते. फक्त स्कॅनच पाहायचे असतील, तर ‘ऑर्थांक’ हे बेल्जियममधल्या लिएजच्या रुग्णालयात जन्मलेले मोफत सॉफ्टवेअर अधिक सोयीचे.

खरा गोंधळ होतो तो घराचे दार बाहेरच्या इंटरनेटला उघडताना. अनेक ब्रॉडबँड कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. वाड्याला घरक्रमांक एक आणि आत बिऱ्हाडे पन्नास, अशी ही गत; बाहेरून आलेल्याला नेमके बिऱ्हाड सापडत नाही. म्हणून ‘वायरगार्ड’ किंवा त्यावर आधारलेले ‘टेलस्केल’ यांसारखी खासगी जोडणी वापरतात. टेलस्केलमध्ये दोन्ही संगणक आतून बाहेर संपर्क साधतात आणि दोघांपुरता बोगदा तयार होतो. वाटेतल्या तिसऱ्याला दारच दिसत नाही.

याउलट राउटरवर पोर्ट उघडून विंडोजचे फाइल-शेअरिंग थेट इंटरनेटवर टाकणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ याच फाइल-शेअरिंगमधल्या फटीतून पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२च्या सायबर हल्ल्यानंतर केसपेपर कित्येक दिवस हाताने लिहावे लागले.

महाराष्ट्राला तर याबाबत वेगळाच धडा मिळाला आहे. जर्मनीतील ‘ग्रीनबोन’ या कंपनीने इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडलेले स्कॅनचे सर्व्हर शोधले. २०२०च्या आरंभी भारताविषयी जे आकडे आले, त्यांत महाराष्ट्र पहिला होता: ३ लाखांहून अधिक नोंदी आणि सुमारे ६ कोटी ९७ लाख प्रतिमा. यासाठी कुणी कुलूप फोडले नव्हते, कुलूप लावलेलेच नव्हते. डायकॉमची रचना झाली ती रुग्णालयाच्या भिंतींच्या आत वापरण्यासाठी. तेच यंत्र जसेच्या तसे इंटरनेटला जोडले, की विचारणारा कोण हे ते तपासत बसत नाही.

मित्र कितीही जिवाभावाचा असो, त्याचे खाते वेगळे हवे, पासवर्डसोबत फोनवरचा दुसरा कोड हवा. स्कॅनचा फोल्डर त्याला फक्त वाचता यावा, पुसता येऊ नये. अहवाल ठेवायला दुसरा छोटा फोल्डर द्यावा. बॅकअपची डिस्क एरवी काढून ठेवलेली असावी, नाहीतर हल्ल्यात तीही जाते.

शिवाय रुग्णाला विचारणे आलेच. डायकॉम फाइलच्या पोटात नाव, वय, तारीख दडलेली असते. मित्राला निदानासाठी बहुधा वय आणि तक्रार पुरते. नाव काढून टाकणारी मोफत साधने आहेत. सोनोग्राफीच्या चित्रात मात्र नाव अनेकदा प्रतिमेतच उमटलेले असते. ते या साधनांनी आपोआप जाईलच असे नाही. पाठवण्यापूर्वी चित्र उघडून पाहावे आणि गरज पडल्यास नावावर काळी पट्टी मारावी.