धातू नेमका बसला कुठे?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथला जस्त आणि शिसे गाळण्याचा मोठा कारखाना 2003 पर्यंत चालू होता. त्याच्या धुरातून जस्त, शिसे, कॅडमियम आणि तांबे आसपासच्या पाचोळ्यावर बसत राहिले. हा पाचोळा खाऊन जगणारा वुडलाऊस हा राखाडी, चिलखती जीव. दिसतो किड्यासारखा, पण नाते खेकडा-कोळंबीशी. प्राणिशास्त्रज्ञ स्टीव्ह हॉपकिन यांनी 1980च्या दशकात याच्या शरीरातल्या धातूंचा माग काढला.

धातू किती, हे कळायला प्राणी आम्लात विरघळवून यंत्राने मोजता येतो. पण त्यात पत्ता हरवतो. गांडुळाच्या आतड्यातली माती उद्या बाहेर पडणार असते, पेशीत शिरलेले शिसे तसे जात नाही; विरघळवल्यावर मात्र दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात.

म्हणून ऊती रंगवायच्या. जर्मन शास्त्रज्ञ टिम यांची 1958ची पद्धत इथे कामी येते. ऊतीला आधी सल्फाइड द्यायचे, म्हणजे धातू जागच्या जागी न विरघळणारा सल्फाइड होऊन बसतो. हे टाळून नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये ऊती ठेवली, तर सैल बांधलेला धातू पाझरून जाऊ शकतो आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात. मग पातळ काप काढून ते चांदीचे क्षार आणि हायड्रोक्विनोन यांच्या द्रावणात, अंधारात ठेवायचे. सल्फाइडच्या प्रत्येक कणाभोवती चांदी साचते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके उमटतात. कृष्णधवल फिल्म धुताना घडते तेच हे रसायन.

वुडलाऊसमध्ये धातूंचा मोठा वाटा पाचक ग्रंथीत सापडतो, तोही पेशींमधल्या बारीक कणिकांत, गाठोड्यात बांधून ठेवल्यासारखा. गांडुळात हे काम आतड्याभोवतीची पिवळसर ऊती करते: शिसे आणि जस्त फॉस्फेटच्या कणिकांत, कॅडमियम गंधकयुक्त प्रथिनांपाशी.

काळा ठिपका दिसला की प्रदूषण, असे म्हणायची घाई मात्र नडते. वुडलाऊसच्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या रेणूला तांबे लागतेच, त्यामुळे स्वच्छ बागेतल्या प्राण्याची ग्रंथीही काळवंडते. त्यातून चांदी धातू ओळखत नाही. जस्त असो की कॅडमियम, ठिपका काळाच. म्हणून स्वच्छ जागेतले काप त्याच द्रावणात, तितकाच वेळ ठेवून शेजारी पाहायचे. कोणता धातू ते ठरवायला निराळे रंजक आहेत: डिथिझोनने जस्त लाल दिसते, रुबियानिक आम्लाने तांबे गडद हिरवे. तरी शंका उरली, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले क्ष-किरण विश्लेषण.

पत्ता कळल्याने काय साधते? वुडलाऊसवर ताव मारणारा डिस्डेरा नावाचा कोळी आहे. भक्ष्यात धातू ठासून भरलेला असूनही तो कोळ्याच्या अंगात तसा साठत नाही. आतड्याच्या पेशी तो अडवतात आणि विष्ठेवाटे बाहेर टाकतात. भक्ष्यातला आकडा पाहून भक्षकाच्या अंगातला धातू सांगायला गेलो, तर इथे अंदाज साफ चुकला असता.