चित्रातली नोटीस वाचणार कोण?
कल्याण-डोंबिवली महापालिकेने ई-गव्हर्नन्सची वाट राज्यात फार लवकर धरली. आज ठाणे असो वा डोंबिवली, मालमत्ता कर घरबसल्या भरता येतो. पण अंध करदात्याचे काय? त्याचा स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर वाचून दाखवतो. पाणीकपातीची नोटीस संकेतस्थळावर स्कॅन करून टाकली, तर त्याच्या लेखी ते नुसते चित्र. अक्षर एकही नाही. तीच नोटीस युनिकोड मराठीत टंकली की घडाघडा वाचली जाते. ज्यांना कमी दिसते त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 हवे, मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही त्याचा आधार होतो. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत, 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. अडेल तिथे लेखी तक्रार जरूर करा.