तीस सप्टेंबरचा पट

बीड जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर शाळेच्या नावाखाली अकरा अंकांचा एक क्रमांक रंगविलेला असतो, आणि आष्टीच्या माळावरील दोनशिक्षकी शाळा असो की परळीच्या बाजारपेठेतील भरगच्च विद्यालय असो, त्या क्रमांकाचा आरंभ २७२७ या चार अंकांनीच होतो. त्यांतील पहिले सत्तावीस महाराष्ट्राचे, दुसरे सत्तावीस बीड जिल्ह्याचे. पुढील दोन अंक तालुक्याचे, त्यापुढील तीन गावाचे आणि अखेरचे दोन त्या गावातील त्या एका शाळेचे. ‘यू-डायस क्रमांक’ या नावाने ओळखला जाणारा हा आकडा शाळेचे सरकारदरबारचे नाव होय. याच क्रमांकाखाली दरवर्षी शाळेच्या खोल्या, शौचालये, पाण्याची सोय, शिक्षक आणि विशेषतः एकेक विद्यार्थी यांचा तपशील सरकारकडे रुजू होतो, आणि सबंध देशातील शाळांची ही जी वार्षिक गणना होते तिच्याविषयी, ज्यांची मुले तीत मोजली जातात त्या पालकांना बहुधा काहीच ठाऊक नसते.

१९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा, ज्या जिल्ह्यांसाठी पैसा खर्च व्हावयाचा तेथे शाळा किती, मुले किती आणि गळती किती याचा विश्वसनीय हिशेब हाताशी असावा म्हणून ‘डायस’ नावाची जिल्हावार माहितीपद्धती आखण्यात आली. त्या कार्यक्रमात मराठवाड्यातील अनेक जिल्हे होते आणि दुसऱ्या टप्प्यात बीडचाही समावेश झाला. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची माहिती आधी निरनिराळ्या पत्रकांत जात असे. २०१२-१३ पासून ती एकत्र झाली, २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ या नावाने ती थेट संगणकावर भरली जाऊ लागली, आणि २०२२-२३ मध्ये सर्वांत मोठा बदल घडला. तोपर्यंत शाळा फक्त गोषवारा पाठवीत असे: तिसरीत मुले इतकी, मुली इतक्या, अनुसूचित जातीचे इतके, दिव्यांग इतके. त्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची नावनिशीवार नोंद मागण्यात आली. २०२१-२२ मध्ये देशाचा पट सुमारे २६ कोटी ५२ लाख होता. पुढच्याच वर्षी तो सुमारे २५ कोटी १७ लाखांवर आला आणि २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी ८० लाखांवर. मुलांची जन्मसंख्या घटत आहे हे त्याचे एक कारण असेल; पण एकच मूल गावच्या सरकारी शाळेत आणि तालुक्याच्या खासगी शाळेत अशा दोन पटांवर असण्याची वाट नावनिशीमुळे अरुंद झाली, हेही त्याचे कारण आहेच.

हे पत्रक तयार होते ते संगणकावर नव्हे. त्याचे मूळ मुख्याध्यापकांच्या कपाटातील दाखल-खारीज रजिस्टरात असते. मूल प्रथम शाळेत येते त्या दिवशी या जाडजूड वहीत त्याला एक अनुक्रमांक मिळतो, आणि त्याचे नाव, आईचे नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ व जन्मतारीख अंकी-अक्षरी लिहिली जाते. एकदा लिहिलेली ती ओळ सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही. वर्षाच्या गणनेचा हवाला ३० सप्टेंबर या तारखेला असतो. म्हणजे त्या दिवशी जो विद्यार्थी पटावर आहे तो त्या वर्षाचा. सप्टेंबर लागला की शिक्षक रजिस्टर, हजेरीपत्रक आणि संगणकावरील यादी अशी तीन दप्तरे एकमेकांशी ताडून पाहू लागतात. संगणकातील नोंदीचे तीन भाग असतात. पहिल्यात मुलाची ओळख. दुसऱ्यात त्याचा प्रवेश क्रमांक, इयत्ता, मागील वर्षाचा निकाल, किती दिवस हजर होता ते. तिसऱ्यात त्याला मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश आणि इतर सवलती मिळाल्या की नाही ते, शिवाय त्याची उंची व वजनही.

येथे एका ओळीपाशी थोडे थांबू. चौथीतील एखादी मुलगी घ्या, जिचा जन्म घरी नव्हे, उसाच्या फडाजवळच्या कोपीत झाला आणि कोणत्याही ग्रामपंचायतीत त्याची नोंद झाली नाही. पहिलीत दाखल होताना आईने ‘पावसाळ्याच्या तोंडाला झाली’ एवढे सांगितले, आणि गुरुजींनी महाराष्ट्रातील असंख्य शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे रजिस्टरात १ जून ही तारीख लिहिली. पुढे आधार कार्ड काढताना कोणी वर्ष एकाने कमी सांगितले. नावातील ह्रस्व वेलांटी दीर्घ झाली. वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ गळाला. आता शिक्षक ती ओळ संगणकावर चढवितात तेव्हा आधारशी मेळ बसत नाही आणि नोंद अवैध ठरते. मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसलेली आहे, कविता म्हणते आहे, पोषण आहाराच्या रांगेत उभी आहे. तरीही कागदोपत्री ती सिद्ध झालेली नाही. ती सिद्ध करावयाची तर वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जावे, तेथे यंत्र चालू असेल तर दुरुस्ती व्हावी, आणि मग शिक्षकांनी शाळा सुटल्यावर, जेथे मोबाईलला रेंज सापडेल त्या ओट्यावर उभे राहून, पुन्हा ती ओळ भरावी. ज्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात तेथे अशा पाचपंचवीस ओळी निघाल्या म्हणजे सप्टेंबरातील शिकविण्याचे किती तास त्यांत खर्ची पडतात, हे कोणीही समजू शकेल. आणि हा भार शिक्षकाच्याच माथी असावा काय, शाळांच्या प्रत्येक केंद्रात यासाठी स्वतंत्र लिपिक का नसावा, हा शिक्षक संघटनांचा जुना प्रश्न मला पूर्णतः न्याय्य वाटतो.

भरलेले पत्रक मुख्याध्यापक प्रमाणित करतात, केंद्रप्रमुख त्याचा पडताळा घेतात, मग गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग. पडताळ्याची जुनी व खात्रीची रीत साधी आहे: गेल्या वर्षीच्या तिसरीच्या पटातून दाखला घेऊन गेलेली मुले वजा करावीत, नव्याने आलेली मिळवावीत, त्याच वर्गात राहिलेल्यांचा विचार करावा, आणि जो आकडा उरेल तो या वर्षीच्या चौथीशी जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर कोठे तरी एक मूल कागदावर जास्त आहे किंवा, जे अधिक गंभीर, एक मूल हरवले आहे.

या आकड्यांवर काय काय अवलंबून असते? बालभारतीची मोफत पुस्तके किती गठ्ठे यावयाची ते यावर ठरते. शिक्षकांची पदेही पटावरच ठरतात. या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात आणि जूनपासून मार्चपर्यंत शिक्षकांच्या बोलण्यात हा शब्द येत नाही असा आठवडा जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन. म्हणजे एकसष्टावे मूल केवळ एक मूल नसते, ते आपल्यासोबत एक अख्खा शिक्षक घेऊन येते. आणि त्याची एक नोंद अवैध ठरली तर उरलेल्या साठ मुलांवरही त्या शिक्षकाला मुकण्याची पाळी येते.

जेथे एका नावाला इतके मोल असते तेथे खोटी नावे येणारच. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी त्या जिल्ह्यात पट तपासला तेव्हा जे आढळले त्यावरून राज्यभर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत पटपडताळणी करण्यात आली. महसूल खात्यासह इतर खात्यांचे कर्मचारी शाळाशाळांत गेले, आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. पटावर असलेली पण शाळेत नसलेली लक्षावधी नावे त्यातून उघडकीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आजची आधारची सक्ती ही त्या अविश्वासाचीच संतती आहे. खोटा पट हा गरिबाच्या मुलाच्या ताटातील घास पळविणारा अपराध आहे याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही. परंतु खोटी नावे गाळण्यासाठी विणलेल्या चाळणीतून खरी, हाडामांसाची, मात्र कागदपत्रांवाचून जन्मलेली मुले गळू लागली तर तो दुसरा अपराध पहिल्याहून हलका ठरत नाही.

ही गोष्ट बीडच्या बाबतीत विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे, कारण येथील पटाला एक अशी अडचण आहे जी राज्यातील पुष्कळ जिल्ह्यांना नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज, वडवणी, गेवराई या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता; आणि त्या कोयत्यामागे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुले. तान्ह्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण हवी असते, आणि ती मोठी बहीण म्हणजे बहुधा तीच चौथीतली मुलगी. कारखान्यांचे पट्टे पडतात, म्हणजे गाळप संपते, ते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा ही माणसे परततात आणि शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

आता तारीख पाहा. गणनेचा दिवस ३० सप्टेंबर, स्थलांतर त्यानंतर. त्या दिवशीचा बीडचा पट शंभर टक्के खरा असतो, आणि तरीही डिसेंबरात त्याच शाळेत शिरणाऱ्याला अर्धे रिकामे वर्ग दिसू शकतात. शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण ४ जुलै २०१५ या एका दिवशी झाले. तीही तारीख ऊसतोड कुटुंबे गावी असण्याची. म्हणजे सरकारच्या या दोन मोठ्या मोजण्या ज्या ऋतूत झाल्या त्यात बीडची मुले घरीच असतात. आणि ज्या सहा महिन्यांत ती नसतात त्या महिन्यांची तेवढ्याच इतमामाने केलेली, तेवढीच प्रमाणित, तेवढीच प्रसिद्ध होणारी मोजणी नाही. निदान ऊसतोडीच्या जिल्ह्यांसाठी तरी जानेवारीत दुसरी गणना झाली पाहिजे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

मधल्या काळासाठी उपाय नाहीत असे नाही. गावात आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात, जेथे मुलांना दोन्ही वेळचे जेवण मिळते आणि शाळा सुटत नाही. पण ती मंजूर होतात ती शाळेने वेळेवर पाठविलेल्या स्थलांतरितांच्या यादीवर, म्हणजे पुन्हा एका पत्रकावर. जी मुले जातातच त्यांच्यासाठी शिक्षण हमीपत्रक आहे, ज्यावर मुलाची इयत्ता व प्रगती लिहिलेली असते आणि जे दाखवून त्याला कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. मुख्याध्यापकापुढे अशा वेळी तीन मार्ग असतात. मूल गेल्यावरही हजेरी लावीत राहणे हा पहिला, सोपा आणि खोटा. नाव खारीज करणे हा दुसरा. तसे केले की संगणकात ते मूल ‘ड्रॉपबॉक्स’ नावाच्या कप्प्यात जाऊन पडते, आणि दुसऱ्या एखाद्या शाळेने त्याच्या कायम शिक्षण क्रमांकावरून त्याला उचलून घेतले नाही तर ते गळतीत जमा होते. तिसरा मार्ग म्हणजे नाव ठेवून, स्थलांतराची खरी नोंद करून, हमीपत्रक देऊन, तिकडच्या शाळेशी फोनवर संधान ठेवणे. तिसऱ्यात सर्वाधिक श्रम आहेत आणि तोच एक बरोबर आहे. तो पत्करणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत आणि त्यांचे नाव कोणत्याही तक्त्यात येत नाही.

हे तक्ते कसले साक्षीदार ठरतात याची आणखी दोन उदाहरणे या जिल्ह्यापाशी आहेत. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली आढळल्या. तीच बालके पुढील वर्षांत पहिलीत दाखल झाली, आणि ज्या मुली जन्मूच दिल्या गेल्या नाहीत त्यांची उणीव मुलींच्या रकान्यात वर्गावर्गाने चढत गेली. दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मराठवाड्यात महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली. निजामाच्या अमलात कोणा अज्ञात शिक्षकाने बोरूने लिहिलेली एक ओळ त्या विद्यार्थ्याच्या नातवंडांना पुरावा म्हणून हवी झाली. आज भरली जाणारी ओळही अशीच दीर्घायुषी आहे. शिष्यवृत्ती, दहावीचे प्रमाणपत्र, जातपडताळणी, नोकरी या प्रत्येक ठिकाणी ती पुढे येणार आहे, आणि आईचे नाव चुकले तर तेही प्रत्येक ठिकाणी चुकलेलेच निघणार आहे.

म्हणून बीडच्या आयाबापांना, आणि ज्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात तिच्यातील गावकऱ्यांना, एक विनंती आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेत जावे, आपल्या मुलाची ओळ मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावी आणि नाव, आईचे नाव, जन्मतारीख व आधारवरील अक्षरे स्वतः वाचून पाहावीत. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकल्या पोराकडून वाचवून घ्यावीत. तोडीला निघावयाचे असेल तर आधी हमीपत्रक घ्यावे, आणि कारखान्यावर कोपी उभी राहिली की जवळच्या शाळेत ते दाखवावे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या आणि चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. तेथे कोणी नाकारलाच तर त्या दोन कलमांचे क्रमांक सांगावेत.