पेटीची ताकद आधी पारखा

वर्षभर जपलेली द्राक्षे बाजारात पोचेपर्यंत चेपली, तर दोष पुष्कळदा पेटीचा असतो. 5 किलोच्या 10 पेट्यांची थप्पी लावली, की तळच्या पेटीवर सुमारे 45 किलो भार येतो. प्रयोगशाळेत पेटी यंत्रात दाबून ती किती भाराला बसते ते पाहतात. आपण घरीही हे पारखू शकतो. नव्या गठ्ठ्यातील एक रिकामी पेटी जुळवून बंद करावी. वर फळी टाकून दुप्पट, म्हणजे 90 किलो वजन रात्रभर ठेवावे. कोपरे दबले तर गठ्ठा परत करावा. पुठ्ठा ओलीने मऊ पडतो, म्हणून पेट्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात. थप्पीत कोपऱ्यावर कोपरा यावा. खरा भार कोपरेच पेलतात. पेटीची परीक्षा घरी झालेली बरी, बाजारात नव्हे.