नर्सच्या नावामागे ‘डॉक्टर’

मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना तिथल्या दवाखान्यात हमखास बसणारा धक्का म्हणजे डॉक्टर भेटतच नाहीत. नाडी-रक्तदाब बघणारी, तपासण्या सांगणारी, निदान करून गोळ्या लिहून देणारी बाई ही नर्स प्रॅक्टिशनर असते. ‘सिस्टरनंच औषध दिलं?’ हा प्रश्न मग मुलाला घरी येईपर्यंत ऐकावा लागतो. तिथल्या सुमारे निम्म्या राज्यांत तर या नर्सला डॉक्टरांच्या देखरेखीचीही कायद्यानं गरज नाही. अशा नर्सकडे पदव्युत्तर पदवी पुरे की डॉक्टरेटच हवी, यावर अमेरिकेतलं नर्सिंगचं जग गेली वीस वर्षं भांडतंय.

सुरुवात फार साधी होती. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्याची नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला. खेड्यापाड्यांत मुलांना तपासायला डॉक्टर नव्हते, नर्स होत्या. त्यांना काही महिन्यांचं जादा शिक्षण द्यायचं, एवढीच कल्पना. पुढे त्याची पदव्युत्तर पदवी झाली. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत, १०४ व्या वर्षी गेल्या, तोवर आपल्या रोपट्याचा पसारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेनं, अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगनं, ठराव मंजूर केला: नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणाऱ्या नर्स, नर्स-मिडवाइफ आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट या चौघींसाठी २०१५ पर्यंत ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, ही पदवी प्रवेशपात्रता व्हावी. युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. औषधशास्त्रवाले डॉक्टरेटवर गेले होते, फिजिओथेरपीवाले त्याच वाटेवर होते. शिवाय नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात इतकं काही कोंबलं गेलं होतं की इतर शाखांत तेवढ्या श्रमांना डॉक्टरेट मिळाली असती. एवढं शिकायचं, तर तसा मानही मिळू द्या!

विरोध घरातूनच झाला. २००५ मध्ये पॅट्रिशिया बेनर, अफाफ मेलिस अशा मोठ्या नावांच्या प्राध्यापिकांनी एकत्र लेख लिहून शंका मांडल्या. त्यांची एक धास्ती मला आजही रास्त वाटते: हुशार मुली पीएचडी सोडून डीएनपीकडे वळल्या, तर नर्सिंगमधलं संशोधन करायचं कुणी?

डीएनपी ही पीएचडी नव्हे. तिच्यात प्रबंधाऐवजी प्रकल्प असतो. वॉर्डातले जंतुसंसर्ग कमी करा, घरी सोडलेल्या रुग्णांचा पाठपुरावा सुधारा, अशा धर्तीचा. पदवीनंतर एकूण किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, पण पदव्युत्तर शिक्षणातले तास त्यात धरले जातात. डॉक्टर मंडळी इथेच बोट ठेवतात. त्यांचे शिक्षणातले आणि निवासी डॉक्टर म्हणून काढलेले तास दहा हजारांच्या वर जातात.

या वादातली सर्वांत विलक्षण व्यक्ती म्हणजे मेरी मंडिंगर. कोलंबिया विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाच्या या माजी अधिष्ठातांनी २००० साली एक चाचणी प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कमधले १,३१६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटून दिले होते. सहा महिन्यांनी दोन्हीकडची प्रकृती सारखीच निघाली. नर्सच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारे आजही हा दाखला देतात. मात्र त्या काळी डीएनपी जन्मालाही आली नव्हती, हे सांगायचं राहून जातं. मंडिंगरबाईंना डॉक्टरेट हवी होती ती खाटेजवळची, निदानाची. त्यांच्याच पुढाकारानं २००८ मध्ये डॉक्टरांच्या परवाना परीक्षेवर बेतलेली परीक्षा डीएनपींसाठी सुरू झाली. पहिल्या वर्षी बसलेल्यांपैकी जेमतेम निम्मे पास झाले, आणि काही वर्षांतच ती बंद पडली. २०१९ मध्ये त्यांनीच हिशेब मांडला: ५५३ डीएनपी अभ्यासक्रमांपैकी रुग्णोपचारावर भर देणारे फक्त १५ टक्के. बाकीचे व्यवस्थापन, नेतृत्व, धोरण असले. व्यवस्थापन शिकवायला रुग्णालय लागत नाही, ऑनलाइन भागतं. महाविद्यालयांना काय परवडतं ते उघड आहे.

२०१५ उजाडलं आणि गेलं. डीएनपी देणारी महाविद्यालयं भराभर वाढली, आज अशी ४०० हून अधिक महाविद्यालयं आहेत. पण पदव्युत्तर पदवी कुणी बंद केली नाही. कारण परवाना दोन्हींना एकच, कामही तेच. मग वर्ष-दोन वर्षं जादा फी कोण भरणार? नर्स प्रॅक्टिशनरांच्या प्राध्यापकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये २०२५ ची नवी मुदत घातली, तीही हुकली. मिडवाइफ मंडळींनी तर डॉक्टरेटची सक्ती नकोच म्हणून सांगितलं. डीएनपी झालेल्या नर्सच्या हातचे रुग्ण अधिक बरे होतात, याचा ठोस पुरावा अजून कुणी दिलेला नाही.

भूल देणाऱ्या नर्सचं मात्र जमलं. त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था एकच. तिनं १ जानेवारी २०२२ पासून प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच, असं जाहीर केलं आणि विषय संपला. तिथं २,००० तासांचं प्रत्यक्ष काम आधीपासून सक्तीचं आहे, त्यामुळे पदवी पोकळ असल्याचा आरोप तिला तितकासा चिकटत नाही.

आता भांडण पाटीवर आलंय. स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवणाऱ्या एका नर्स प्रॅक्टिशनरला कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये १९,७५० डॉलरचा भुर्दंड पडला. पुढच्याच वर्षी डीएनपी झालेल्या तिघांनी तिथल्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिलं. रुग्णाची दिशाभूल होते हा डॉक्टरांचा मुद्दा खोटा नाही. पण त्याच दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञाला पीएचडीच्या जोरावर ‘डॉक्टर’ म्हटलेलं कुणाला खटकत नाही, हेही खरं.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला आहे. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही आला. डॉक्टरेटची सक्ती इथे कुणाच्या मनातही नाही. दोन वर्षं शिकून आलेल्या या नर्सनं कोणती औषधं स्वतःच्या निर्णयानं द्यायची, ते अजून त्या त्या रुग्णालयाच्या लेखी नियमावलीवर ठरतं.