साडेसहाच्या पंगतीचा हिशेब

कॉन्कॉर्डिया हटवर रात्रीचं जेवण साधारण साडेसहाला वाढतात. सूप, एक मुख्य पदार्थ, शेवटी गोड. सगळ्यांना एकच आणि एकाच वेळी. स्वित्झर्लंडमधल्या या मुक्कामाचा बेत मी त्या जेवणापासून मागे मोजत आखते. उन्हाळ्यात तिथे दुपार कलली की ढग भरून येतात, गडगडाट होतो आणि हिमनदीवरचा बर्फ भुसभुशीत होतो. म्हणून तीनच्या आत पोचायचं. युंगफ्राउयोखच्या ३४५४ मीटरवरच्या स्टेशनातून आलेच हिमनदीवर उतरून चालायला तीन-चार तास धरावेत, म्हणजे खालून सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकीच एखादी पकडावी लागते. हिमभेगा असल्यामुळे दोर बांधूनच चालायचं. त्यात मुरलेले नसाल तर गाईडचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा.

आपल्याकडे गडावर गेलं की मारुतीच्या देवळात पथारी पसरता येते, आणि वाडीतल्या मावशींना येता येता सांगितलं तरी पिठलं-भाकरी मिळते. इथे ती सवय सोडावी लागते. हट २८५० मीटरवर आहे, रस्ता नाही. बटाट्यापासून गॅसपर्यंत सगळं हेलिकॉप्टरने येतं. तेव्हा बुकिंग केलं म्हणजे गादीबरोबर ताटही मांडलं गेलं. शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा, आणि अंडं चालतं का तेही लिहा, नाहीतर हमखास ऑम्लेट समोर येतं. जाणं रद्द झालं तर फोन कराच. न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे जातील ते जातील, वर हट सांभाळणारे काळजीत पडतील की माणसं बर्फात अडकली की काय.

अंतराच्या हिशेबात एक गोष्ट हटकून राहते: शेवटचा जिना. १८७७ साली इथे पहिली हट बांधली तेव्हा हिमनदी जेमतेम पन्नास मीटर खाली होती. बर्फ वितळत खाली गेला तशी खडकाला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्यांची भर पडत गेली. आता त्या चारशेच्या वर आहेत. हिमनदीवरून थकून आल्यावर पाठीवर पिशवी घेऊन त्या चढायच्या. पायाखाली पाहिलं की खाली करडा बर्फ दिसतो आणि उंचीची भीती नसलेल्याचाही हात कठड्यावर घट्ट होतो. अर्धा तास जास्तीचा धराच.

सामान थोडकंच. पांघरुणं मिळतात, पण स्लीपिंग बॅगचं पातळ अस्तर स्वतःचं हवं. हेडलॅम्प, कानात घालायचे बोळे, रोख फ्रँक. अंघोळ विसरा, पिण्याचं पाणीही बाटलीमागे बऱ्यापैकी पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि ते वर आलंय कसं हे आठवलं की मला तरी ते महाग वाटत नाही. बूट दाराशीच काढायचे, आत हटच्या चपला. शिखरावर जाणारे पहाटे तीनलाही उठतात, तेव्हा आपलीही पिशवी रात्रीच भरून ठेवावी. अंधारात प्लास्टिकच्या पिशव्या चाळवणाऱ्याला अख्खी खोली मनात शिव्या देते.

पोचल्यावर वहीत नाव आणि उद्याची वाट लिहायची. ग्र्युनहॉर्नल्युके खिंड ओलांडून फिन्स्टरआरहॉर्न हटकडे जायचं लिहिलं आणि सकाळी हवा बघून माघारी फिरायचं ठरलं, तर निघण्याआधी ती ओळ खोडून नवी लिहा. बचावपथकाला बोलवायची वेळ आलीच, तर ते आधी ती वही उघडतात.